आमचा गोलकीपर स्टेशनवाल्यांच्या ओट्यावर

गेल्या रविवारी सोलापुरात फुटबॉलच्या कपाची फायनल झाली... आमचे तळ्याकडचे आणि ते स्टेशनवाले. सुरतेहून रजा काढून मी आलो तो ह्याच्यासाठीच. आईला मात्र सांगितलं, तुला बघायला आलो.

ह्या दोन टीमचं वैर बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्यातला कुणी त्यांच्या बाजूच्या हॉटेलात चहासुद्धा पीत नाही. तहान लागली तरी तसाच पुढं येतो...

आणि शनिवारी सकाळी मी परतीच्या गाडीची चौकशी करून त्यांच्या गल्लीतून येतोय, तर एका ओट्यावर आमचा गोलकीपर नरसू बसलेला! शेजारी उभा कोण, तर त्यांचा कॅप्टन शिवाप्पा. मला बघितल्याबरोबर नरसूनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी विचारलं, "सकाळी तिकडं कुटं गेलतास रं?"

"मी? मी न्हाई बाबा. दुसरा कुणीतरी असंल." तोंडावर खोटं बोलला.

आता माझा स्वभावच तसा झालाय म्हणा. मुकादम हसून बोलायला लागला की आज कुणाला काढलं ते आधी बघायचं, हे मी सुरतेत शिकलो. चौथीपर्यंतच्या शाळेत हे नव्हतं... पण तोंड फिरवणारा माणूस मला लगेच कळतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नव्हती. नरसू गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत घरी. गिरणीच्या टीमला गोलकीपर पाहिजे होता आणि मॅनेजर साहेब स्वतः फायनल बघायला येणार होते. नीट खेळला तर परमनंट. मग असा माणूस मॅच कशाला विकेल? ... का स्टेशनवाल्यांनी त्याहून मोठं काही कबूल केलंय?

कुणाला काही बोललो नाही. रविवारी जाऊन सरळ आमच्या गोलच्या मागं उभा राहिलो.

भर उन्हात नरसूच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पहिला उंच बॉल आला तो त्यानं धरलाच नाही, एका हातानं बुक्की मारून घालवला. दुसरा सरळ छातीवर आलेला हातातून सुटला... आमच्या बॅकनं कसाबसा बाहेर मारला म्हणून वाचलो.

"नरश्या, हाताला जरा खळ लाव की!" आमच्याच गर्दीतून कुणीतरी ओरडला. सुताला लावतात ती चिकट खळ. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी मागून हळूच म्हटलं, "नरसू, मी बघितलंय हां सगळं."

मान न वळवता म्हणाला, "बघितलंस तर गप बस की लेका."

म्हणजे झालंच की! आता माझी खात्रीच झाली...

सेकंड हाफमध्ये आम्ही एक गोल चढवला. आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला शिवाप्पा. बॉल ठेवला, वर बघितलं. नरसू त्याच्याकडं, तो नरसूकडं. मी म्हटलं, ठरलेलं ते आता होणार.

शिवाप्पानं नरसूच्या उजव्या अंगाला जीव खाऊन हाणला. नरसू आडवा झाला, उजव्या हाताचा पंजा लागला आणि बॉल खांबावर आपटून बाहेर गेला! कप आमचा.

आम्ही नाचायला लागलो... आणि पलीकडं स्टेशनवाल्यांनी त्यांच्याच कॅप्टनला घेरलं. "ओट्यावर बसवून ठरवलंस व्हय रं हे?" "जा, तळ्यातच ऱ्हा आता!" एक चप्पलही आली. त्यांनीही बघितलं होतं तर... संशय घेणारा मी एकटाच नव्हतो. शिवाप्पा खाली मान घालून उभा.

इकडं मॅनेजर साहेब नरसूच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "उद्या ऑफिसात ये." नरसूनं फक्त गप बसायचं होतं.

तो सरळ त्या गर्दीत शिरला. स्वेटरची डावी बाही वर ओढली. मनगटाला बांबूच्या कामट्या, वर काळा लेप, घट्ट पट्ट्या.

"शुक्रवारी निखळलं. ह्याच्या आईनं बसवलं. डावीकडं मारला असता तर डोळे झाकून गोल होता तुमचा. ह्याला ठावं होतं. म्हणून उजवीकडं मारला ह्यानं!"

शिवाप्पाची आई गौराक्का हाडं बसवते, हे अख्ख्या गावाला माहीत, पण फायनलच्या संशयात ते कुणाला आठवलंच नाही. तिच्या ओट्यावर दिसलेलं ओट्यावरच ठेवायचं, हा तिचा घरच्यांनाही दंडक. आणि आम्हाला कळलं असतं तर आम्ही नरसूला खेळवलंच नसतं, म्हणून तो चोरून गेलेला... चप्पल मारणारा आता खाली वाकून आपली चप्पल शोधत होता.

साहेबांनी ते मनगट बघितलं. "बघू," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातही तेच, "हात बरा होऊ दे, बघू." त्या 'बघू'वर माझा अजून विश्वास नाही. नरसू मात्र म्हणतो, "न्हाई घेतलं तर न्हाई. त्याला चप्पल पडत असताना कप धरून उभा ऱ्हाऊ व्हय?"

निघायच्या दिवशी मी त्याच ओट्यावर जाऊन बसलो. सुरतेत लूमवर काम करून माझा खांदा कधीचा दुखतो... खोलीतल्या पोरांनासुद्धा कधी सांगितलं नाही. मुकादमाच्या कानावर गेलं की काम गेलं.

"मी तळ्याकडचा," मी आधीच सांगून टाकलं.

"ते नगं. दुकतंय कुटं, ते सांग," गौराक्का म्हणाली.

शिवाप्पा तेलाची वाटी धरून शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर मी सगळं सांगितलं... कुठं दुखतं, कधीपासून, रात्री कसा झोपतो ते. नंतर त्यांच्या घरचा चहाही प्यालो.