घडी न पडणारी विषयपत्रिका

अन्याय झाला तो सातपुड्यातल्या एका गणातून निवडून आलेल्या पंचायत समितीच्या सदस्य बाईवर. झाला होळीच्या आधीच्या मासिक सभेत, हजेरीवर सह्या-अंगठे झाल्यावर आणि चहाचे कप फिरायच्या आत. पंचायत समिती कुठली ते लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की शेजारच्या तालुक्यातले साहेब 'आपल्याकडे असलं काही नसतं' म्हणून मोकळे होतात. मी त्या सभागृहात दाराजवळच्या बाकावर बसले होते. लिहिते ते बघितलेलं आहे.

बाईंना मी मावशी म्हणते. नात्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. मी प्रकाशा गावची, तापीकाठची, घरी ऊस आणि पपई. त्या वर डोंगरात, जीपचा रस्ता संपतो त्याच्याही पुढच्या पाड्यावरच्या. मी तळोद्यात एका लहानशा संघटनेच्या खोलीत बसून पत्रकं लिहिते आणि ती वाटायला बाजाराच्या दिवशी जीपने वर जाते. ओळख झाली ती जीपमध्येच, मांडीला मांडी लावून.

मावशींना वाचता येत नाही. त्या हे लपवत नाहीत आणि त्याची लाजही बाळगत नाहीत. लोकांनी निवडून दिलं ते भांडता येतं म्हणून. वाचायला आम्ही होतो. मासिक सभेची विषयपत्रिका निघाली की पंचायत समितीचा शिपाई ती जीपवाल्याच्या हातात द्यायचा, कारण पोस्टमनच्या आधी जीप वर पोचते. जीपवाला कागद स्टिअरिंगच्या वर, देवीच्या फोटोमागे खोचून ठेवायचा. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरायला वेळ लागतो. तो वेळ वाचनाचा.

"वाच ना बहीण," जीपवाला म्हणायचा, "गाडी भराई तवलग वाची टाक."

मी मोठ्याने वाचायची. मधल्या सीटवरचा कोणीतरी माझी मराठी डोंगरातल्या पावरी बोलीत करून मागे सरकवायचा, आणि मागून भांडण परत यायचं. 'हातपंप दुरुस्ती' असं वाचलं की टपावरून एक डोकं उलटं खाली यायचं आणि विचारायचं, कोणता हातपंप, आमचा की सरपंचाच्या दारातला? 'शाळा खोली बांधकाम पूर्ण' असं आलं की सगळी जीप हसायची. एका बाईने एकदा माझ्या हातातला कागद धरून विचारलं होतं, "हे पूर्ण झालंय तर मग माझी शेळी रोज त्या रिकाम्या जागेवर कशी बांधलेली असते?" म्हणजे तालुक्याच्या सभेत जे अजून व्हायचं होतं, ते आमच्या जीपमध्ये आधीच होऊन जायचं. मावशी बोलायच्या नाहीत. ऐकायच्या. मग त्यांच्या पाड्याचा विषय आला की कागद माझ्याकडून घ्यायच्या आणि नेमक्या त्या ओळीवर घडी घालून नखाने दाबायच्या.

सभेत तो कागद त्यांच्यापुढे टेबलावर छपरासारखा उभा असायचा. लिपिक विषय वाचत यायचा, आकडा मावशींना कळायचा, आणि आपला आकडा आला की त्या उभ्या राहायच्या. पहिल्या एक-दोन सभांना लोक हसले. नंतर सवय झाली. सभापतीच विचारायचे, "बाई, आज घडी कुठंय?" आणि लिपिक घडीच्या विषयापाशी आपोआप सावकाश व्हायचा, कारण तिथे थांबावं लागणार हे त्याला ठाऊक असायचं. एका रस्त्याचं काम त्या घडीने परत तपासायला लावलं आहे. सभा संपली की तोच कागद वर जायचा आणि पाड्यावर कुडाच्या बांबूत खोचला जायचा. आपली बाई कशावर उठली होती, हे आल्यागेल्याला घडीवरून दिसायचं.

मग टॅब आले.

सभागृहात बॅनर लागला. सदस्यांना एकेक करून पुढे बोलावलं, प्रत्येकाने खोका छातीशी धरून फोटो काढला. गटविकास अधिकारी साहेब बोलले की आता कागदाची कटकट संपली, पंचायत समिती पेपरलेस झाली, आणि यामुळे झाडं वाचतील. हे त्यांनी सातपुड्यातल्या माणसांसमोर सांगितलं. ज्यांच्या बापांवर जळणाच्या मोळीसाठी केस झाली, त्यांना झाडं वाचवायला टॅब दिला. जेवण झाल्यावर शहरातून आलेल्या एका मुलाने ट्रेनिंग दिलं, म्हणजे पडद्यावर बोट भराभरा फिरवलं आणि विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सपाटीवरच्या सदस्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी पोरं आहेत, पुतणे आहेत, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.

मावशींनी टॅब लुगड्याच्या पदरात गुंडाळून नेला. जीपवाल्याने तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "मावशी, हाई पाटी झकास शे. पन येनी घडी कशी पाडशी?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

खरी अडचण घडीची नव्हती, ती पुढची. टॅब उघडला तरी विषयपत्रिका उघडत नाही. तिला ओटीपी लागतो, आणि तो मोबाइलवर येतो. कोणत्या? उमेदवारी अर्जात लिहिलेल्या. घरात फोन एकच होता, मोठ्या मुलाचा, म्हणून अर्जात तोच लिहिला. आणि घरातला फोन, जो कमवायला बाहेर जातो त्याच्या खिशात जातो. हे डोंगरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दिवाळी झाली की मुलगा बायको घेऊन गुजरातला ऊसतोडीला जातो. म्हणजे आमच्या पंचायत समितीत काय चालणार, हे कळायची किल्ली परराज्यातल्या उसाच्या फडात. ही योजना आखणाऱ्या एकाही शहाण्याला, या जिल्ह्यातली अर्धी गावं दिवाळीनंतर कुठे जातात, एवढं विचारावंसं वाटलं नाही.

मी लिपिकाला सांगितलं, नंबर बदलून द्या. तो म्हणाला, देतो की, जुन्या नंबरावर ओटीपी जाईल, तो सांगा.

होळीच्या आधीच्या बाजारात जीपवाल्याने देवीच्या फोटोमागे हात घातला आणि रिकामा काढला. कागद आलाच नव्हता. जीप भरली, सुटली. घाटात एका वळणावर रेंज येते, तिथे मावशींच्या मांडीवरचा टॅब किणकिणला. जीपवाल्याने न सांगता गाडी बाजूला घेतली. सगळे वाकले. मी बोट लावलं. ओटीपी पाठवला आहे, असं आलं.

मुलाला फोन लावला. उचलला मुकादमाने. मुलगा फडात, फोन मुकादमाकडे चार्जिंगला.

"एक मेसेज आला असेल," मी म्हटलं, "त्यातला आकडा सांगा."

"कोण बोलतंय?"

"पंचायत समितीच्या सदस्यांकडून बोलतेय. तो फोन ज्याचा आहे त्याच्या आईकडून."

"सगळे असंच सांगतात," मुकादम म्हणाला. "ओटीपी कोणाला द्यायचा नाही. फोनवर रोज वाजवून सांगतात." आणि ठेवून दिला.

त्या माणसाचं काय चुकलं? काहीच नाही. सरकार सांगतं तसंच त्याने केलं.

"काय व्हयनं?" जीपवाल्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "चला मंग. आते हाई पाटीलेच सभाले धाडा." या वेळी कोणी हसलं नाही. मावशी फक्त म्हणाल्या, "पोरी, अंगणवाडीचं आहे का त्यात, तेवढं बघ ना." तेवढंच बघता येत नव्हतं.

अंगणवाडीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. मावशींच्या पाड्यावर एक खोलीची अंगणवाडी आहे. पोरं थोडी म्हणून ती बंद करायची आणि पोरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात पाठवायची, अशी कुणकुण होती. नाला उन्हाळ्यात नुसते दगड. पावसात मोठी माणसं एकमेकांचा हात धरून उतरतात. तीन-चार वर्षांचं लेकरू खिचडीसाठी त्यातून जाणार आहे का? मावशींनी पाड्यावर सगळ्यांसमोर शब्द दिला होता, हा विषय आला की मी उठेन.

सभेला त्या टॅब घेऊनच आल्या. मी बाकावर. आणि मी बघितलं ते असं. वर मंचावर सभापतींसमोर आणि साहेबांसमोर विषयपत्रिका कागदावर छापलेली, पिना मारलेली, फायलीत. खाली सपाटीवरच्या निम्म्या सदस्यांकडे झेरॉक्स. ज्यांना कागद परवडत होता त्यांचा कागद चालू होता. पेपरलेस फक्त डोंगर झाला होता.

लिपिक उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "विषयपत्रिका सर्व सन्माननीय सदस्यांना टॅबवर पाठवलेली आहे, ती वाचली असे समजून विषय एक ते चौदा." कोणीतरी म्हणालं, मंजूर. कोणीतरी टेबल वाजवलं. एका वाक्यात चौदा विषय.

मावशी तरीही उठल्या. "आमच्या पाड्याचं काय?"

"ते झालं बाई."

"कधी झालं? मी तर इथंच बसले आहे."

"अंगणवाड्यांचं समायोजन, नऊ नंबर. तुमच्या टॅबवर आहे, बघा ना."

"ते उघडत नाही. कागद द्या."

साहेब हसून म्हणाले, "बाई, आता तुम्ही डिजिटल सदस्य आहात. कागद विसरा." बाजूचे दोघे हसले. मग चहा आला. मावशींच्या समोर काळा टॅब आडवा पडलेला, त्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'सर्वानुमते मंजूर'. त्या सर्वांत मावशींचा हजेरीचा अंगठाही आहे.

मला वाटलं होतं सगळ्यात वाईट ते हेच. पुढच्या आठवड्यात मी वर गेले. अंगणवाडीच्या दाराला कुलूप होतं, बाहेर भिंतीवर पोरांच्या उंचीवर कोळशाचे हात उमटलेले. एक बाई कडेवर मूल घेऊन समोरून गेली आणि मावशींकडे न बघता पावरीत काहीतरी बोलली. आवाज चढवला नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मावशींनी कुलूप एकदा ओढून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणते, पाटी चांगली मिळाली तुला."

पाड्यावर सगळ्यांनी मिळून हिशेब लावला होता. सभेला गेली, अंगठा दिला, अंगणवाडी गेली, आणि बाईच्या घरात कंपनीचा नवाकोरा टॅब. या वेळी घडी घातलेला कागदही आणला नाही, म्हणजे उठलीच नसणार. मावशी विकल्या गेल्या, असा अर्थ कोणीही काढला असता. मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, मावशींनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "तू सांगशील तर म्हणतील, हिनेच पाटी मिळवून दिली."

साहेबांनो, या बाईची आयुष्यभराची कमाई म्हणजे पाड्याचा विश्वास. तो तुम्ही एका खोक्यात घालून नेलात, आणि वर तिचा फोटो काढलात.

आणि कागदाचं मला सांगू नका. वनजमिनीच्या दाव्याला कागद आणा, रेशनला कागद आणा, जातीला आजोबांचा कागद आणा, जन्मलेलं पोर समोर रडत असलं तरी त्याचा कागद आणा. डोंगरातल्या घराघरांत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आढ्याला टांगून कागद जपले आहेत, कारण तुम्हीच शिकवलंत की कागद नाही तर माणूस नाही. आता एक बाई कागद हातात धरून तुमच्यासमोर उभी राहायला शिकली, तर तुम्ही म्हणता कागद संपला. मी यंत्राच्या विरोधात नाही. माझी सगळी पत्रकं मी संगणकावरच लिहिते. पण लिहून झाली की छापते, कारण मला ती लोकांच्या हातात जायला हवी असतात. तुम्हाला तेच नको आहे, अशी माझी शंका आहे.

मावशी टॅब घेऊन पंचायत समितीत गेल्या. लिपिकाच्या टेबलावर ठेवला, म्हणाल्या, "हा ठेव आणि मला कागद दे." लिपिक घाबरला. टॅब परत घ्यायची सोय नाही म्हणाला, तो तुमच्या नावावर चढला आहे. मग मी अर्ज लिहिला: विषय क्रमांक नऊ पावसाळ्यापूर्वी पुन्हा सभेपुढे घ्यावा, आणि आम्हाला विषयपत्रिका कागदावर द्यावी. मावशींनी अंगठा दिला. पोच घेतली, शिक्क्यासकट. काही दिवसांनी उत्तर विचारायला गेलो.

"उत्तर कधीच दिलं," लिपिक म्हणाला. "तुमच्या टॅबवर पाठवलंय."

ते उत्तर आजही तिथेच आहे. मुलगा अजून फडात आहे. नाल्यात अजून दगड आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. मग एक काम करा, माझ्यावर उपकार म्हणून करू नका. पुढच्या मासिक सभेआधी तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत जा आणि विषयपत्रिका कागदावर मागा. नाही म्हणाले तर दारात बसा. मिळाली की ती खिशात घालून घरी नेऊ नका. ज्या गावाचा विषय त्यात आहे, त्या गावाच्या जीपमध्ये चढा, गाडी भरेपर्यंत मोठ्याने वाचा, आणि कागद तिथल्या सदस्य बाईच्या हातात द्या. घडी ती घालेल.