पुसलेली रजा
नव्या वायरीचा वास आला की हिंगोलीतलं आमचं ऑफिस आठवतं. कॉम्प्युटर नुकतेच एकमेकांना जोडले होते आणि सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर होतं; त्यात कोणीही काहीही बदलू शकायचं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी त्यात लिहिलेली रजा एका सकाळी दिसेना. तिथे माझ्या नावावर सिद्धेश्वर धरणावरचा दौरा होता. मी पुन्हा पुन्हा तारीख तपासू लागले. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर सहकारी म्हणाले, “काहून घाबरून राहिल्या बाई? साहेबांनी टाकला तो दौरा, त्यांना तुमच्या आईच्या ऑपरेशनचं ठाऊक न्हाई. दौऱ्यावर मी माझं नाव टाकून राहिलो. तुमी आईसंगं जा.” मी कॅलेंडर पुन्हा उघडलं, दौऱ्यापुढे त्यांचं नाव होतं आणि खाली माझी रजा. पट्टी सुटल्यावर आईनं आधी मलाच पाहिलं. “किती वाळलीस गं!” म्हणाली. आजही ते आठवून हायसं वाटतं.