शरयूताई आणि अप्पांचे जाकीट

आदरणीय डॉ. शरयूताईंना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले. त्यांची पहिली भेट म्हणजे माझी फजिती. नव्वदच्या दशकात त्यांच्या नाशिकच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी एका रुग्णाबद्दल त्यांनी विचारले, "गोळ्या घेतात का?"

"हो म्हणाले."

"हो म्हणाले, की घेतात?"

यात फरक काय, हे मला उमगेना. पुढे कित्येक वर्षे धड उमगले नाही.

दोन हजारनंतरच्या दशकाअखेरीस सटाण्याचे कांदा व्यापारी नामदेवअप्पा आमच्याकडे आले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांचे हृदय फार दुबळे झाले होते. ठोके कधीही बिघडतील, अशी धास्ती होती. अमेरिकेतल्या मुलीने त्यांच्यासाठी तिथून एक जाकीट आणले. ठोके बिघडले की ते आधी थरथरायचे, मग त्याचा भोंगा वाजायचा, आणि माणूस शुद्धीत नसेल तर विजेचा झटका देऊन ते ठोके ताळ्यावर आणायचे. आंघोळ सोडली तर ते सदैव अंगात हवे. आम्ही कुणीच असले यंत्र पाहिले नव्हते; कळले ते सोबतच्या पुस्तिकेतून.

अप्पा मात्र ते घालत आणि काढून ठेवत. त्यांच्या पत्नी, काकू, फोनवर रडकुंडीला येत. विचारले की अप्पा कधी म्हणत उकडते, कधी म्हणत टोचते. आम्ही आतून मऊ बंडी घालायला सांगितली. तरी जाकीट खुंटीवरच! या माणसाला जगायचे आहे की नाही? मी पुरता चक्रावलो.

शेवटी एका रविवारी ताई मला घेऊन सटाण्याला गेल्या. आम्ही बसलो होतो, तोच अप्पांची लहानगी नात धावत आली. अप्पांनी लगबगीने जाकीट उतरवले आणि तिला मांडीवर घेतले. चहा झाल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "अप्पा, ही आली की काढता होय?"

अप्पांनी नातीला जवळ ओढले. "अमेरिकानी पोरनी सांगेल शे, झटका बसताना कोनी हात लावाना नई. ही तं सदा मांडीवर. मनी नातले करंट लागी गया तं?"

ताईंनी त्यांना वेड्यात काढले नाही. "नातीला करंट लागेल ही भीती बरोबर आहे तुमची," त्या म्हणाल्या. "पण आधी ते थरथरेल, मग भोंगा होईल. तुम्ही शुद्धीत असाल तर ही दोन बटणं दाबून धरा, झटका बसणार नाही. आणि भोंगा झाला की हिनं लांब पळायचं." एवढे बोलून ताईंनी स्वतःच तोंडाने "पूंऽऽ" असा भोंगा वाजवला. पोर खिदळत आजीकडे पळाली. हा खेळ पुन्हापुन्हा झाला. अप्पांनी आपण होऊन जाकीट चढवले.

त्यानंतर ते उतरले नाही. काही महिन्यांत औषधांनी हृदय सावरले आणि जाकिटाची गरज संपली. तोवर खरा भोंगा एकदाही वाजला नव्हता.

"मग ताई, जाकीट नसते तरी अप्पा वाचलेच असते का?" मी विचारले.

"ते मलाही कधी कळणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा पेशंट पाठवा."

त्या दिवशी मी आणखीच गोंधळून बाहेर आलो. अजूनही तो गोंधळ पुरता फिटलेला नाही.

ताई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्यासमोर बसून मला अजून पुष्कळ विचारायचे आहे.