मला ओळखणारा

माझ्या नवऱ्याची स्मृती गेली, तेव्हा आधी ते इंग्रजी विसरले. सारं आयुष्य अमेरिकेत डॉक्टरकी केलेला माणूस मॉरिसव्हिलच्या केअर होममध्ये नर्सशी मराठीत बोलायचा आणि ती बिचारी नुसती हसायची. मग ते मला विसरले.

एका दुपारी मी त्यांना वरणभात भरवत होते. माझा हात थांबवून त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"अरेरे," म्हणत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

बाहेर गाडीत बसून मी खूप रडले. आमचं पहिलं मूल गेलं, तेव्हाची मी ह्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. मी फारशी देवभोळी नाही. तरी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हटलं, "देवा, तुला तरी मी आठवते ना?" देवाला आपली ओळख सांगावी लागत नाही, त्याला सगळं आधीच माहीत आहे, असं मनापासून वाटलं आणि श्वास जरा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर ह्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं.