मुन्शीच्या जागेची मुलाखत
धानोऱ्याच्या लाकूड डेपोत माझा मोठा भाऊ मुन्शी होता. रेंजर साहेबाच्या घरचं पाणी भरायला त्याने नाही म्हटलं, म्हणून साहेबाने त्याला सागवानचोर ठरवून हाकललं. त्याची जुळलेली सोयरीकही मोडली. पुढे त्याच जागेसाठी मुलाखत निघाली आणि मी मुद्दाम अर्ज केला. मला नोकरी नको होती, त्या माणसाचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं.

तयारी भावानेच करून घेतली. तलावाच्या पाळीवर जाळं विणता विणता तो साहेब व्हायचा आणि लाकडाची मापं विचारायचा. "शेवटी काई विचाराचं हाय का म्हणतीन, तं नाई म्हणजो," असं बजावायचा. मी मान हलवायचो. माझे प्रश्न कधीचे तयार होते.

मुलाखतीला चांद्याचे मोठे साहेबही आले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुला काही विचारायचं आहे?"

"पहिला मुन्शी काऊन गेला, साहेब?"

"चोर होता," रेंजर गुरकावला.

"मंग पोलिसात काऊन नाई देलं?"

रेंजर समोरचे कागद चाळू लागला. मोठे साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मी दाराकडे बोट केलं.

"मले सोडाले तोच मुन्शी इथवर आला हाय, साहेब. बाहेरच बसला हाय. बोलावू काय?"