हात न लावता

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, घाटकोपरच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालची फरशी मोकळी झाली आहे. तिथे बसणारी माझी सुलूमावशी, वयाची ऐंशी ओलांडलेली, गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवी झाली ती झालीच. तिचा मुलगा दिलीप फोनवर एवढंच म्हणाला, "आई उठत नाहीये रे..." माझा विश्वासच बसेना. उठणं ही तर तिची खासियत.

मावशी मूळची मालवणची. नारळ खवायचा तो फरशीवर बसून, जेवायचं ते पाटावर, आणि उठायचं ते कशालाही हात न लावता. पंगतीत अडकून बसलेल्या आम्हा जाड्यांना मात्र ती हात देऊन वर ओढायची आणि उभं केल्यावर सगळ्यांदेखत आमच्या पोटाची चौकशी करायची.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण दिलीप हादरला आणि पवईहून येऊन-जाऊन तिचं सगळं बघू लागला. दिलीप गुणी मुलगा, आणि गुणी मुलं आईची जी वाट लावतात ती वाया गेलेल्यांना कधी जमत नाही. उंच पलंग आला, हातांची खुर्ची आली, टॉनिकच्या बाटल्या आल्या. चहा बसल्या जागी, बिस्किटं बसल्या जागी. काही महिन्यांत मावशी खुर्चीतून उठतानाही दिलीपचं मनगट शोधू लागली. मग त्याने ठरवलं, घर विकायचं, आईला पवईला आपल्या टॉवरमध्ये न्यायचं आणि सांभाळायला दिवसभराची बाई ठेवायची. मावशीने दिवाळीपर्यंत मुदत मागितली आणि मला फोन केला, "ये. आणि दिलपाक सांगू नको."

डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं होतं की आजार काही नाही, मांड्यांतली ताकद गेलीय आणि ती बाटलीत मिळत नाही. नीट खा, थोडं थोडं वाढवत जा, जवळ कुणीतरी असू दे. त्या 'कुणीतरी'च्या जागेवर माझी नेमणूक झाली. काम एकच, मागे उभं राहायचं आणि गप्प बसायचं. मावशीने खुर्ची भिंतीला टेकवून हात न लावता उठायचं, बसायचं. ते जमलं की त्याहून बुटकं स्टूल. मग एकावर एक दोन पाट, मग एकच. बिस्किटं बंद झाली आणि कुळथाची पिठी, उकडलेली अंडी, बांगडे परत आले. एकदा ती अर्ध्यात लटपटली आणि मी काखेत हात घातला. तोल सावरल्या सावरल्या तिने माझं जेवण बंद करायची धमकी दिली, "असो सारको हात लावलंस तर जेवक गावाचा नाय." पडू दिलं असतं तर काय म्हणाली असती, देव जाणे.

दिवाळीत दिलीप रिकामी सुटकेस घेऊन आला. मावशी खिडकीखाली फरशीवर नारळ खवत बसलेली. तिने शांतपणे नारळ संपवला, खवणी बाजूला सारली. दिलीपने हात पुढे केला. ती उठली... स्वतःची स्वतः, जराशी थरथरत, पण उठली. आणि त्या पुढे केलेल्या हातावर तिने करंजी ठेवली. सुटकेस रिकामीच पवईला परत गेली. खुर्चीवर त्यानंतर वर्तमानपत्रं बसायची.

तेराव्याला केटररने टेबलखुर्च्यांचं विचारलं, तर दिलीप म्हणाला, आईच्या घरात पंगत जमिनीवरच बसेल. बसली. आम्ही सगळे पन्नाशी उलटलेले. जेवणं झाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. कुणी भिंत धरली, कुणी बायको धरली. दिलीप खिडकीखाली मावशीच्या पाटावर होता. टॉवरच्या जिमचा सभासद, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. एकदा गुडघा उचलला, परत बसला. पुन्हा उचलला, पुन्हा बसला. मी मदतीला गेलो नाही; मी मावशीच्या तालमीत तयार झालेला. शेवटी त्याने खाली मान घालूनच सवयीने हात वर केला आणि भरल्या घरात म्हणाला,

"आई, हात दे गं."