मांजरीची भाची

मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी सात वर्षांची असताना, यार्डातलं जुनं इंजिन माझ्याशी बोलतं, असं वडिलांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून पाटीवर 'मी खोटे बोलणार नाही' असं लिहून घेतलं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा भरायची. माझ्या मुलांना 'खोटं' हा शब्द कधी ऐकवायचा नाही, हे मी त्या दिवसापासून ठरवून ठेवलं असावं.

लग्न होऊन मी नाशिकरोडच्या पुढे, दारणेच्या काठाला आले. घरामागे सासऱ्यांचा गुलाब, बांधाच्या पलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मुलगी पहिलीत गेली आणि तिच्या तोंडून गोष्टी सांडायला लागल्या. कुकरच्या पोटात कोण रडतं, शाळेतला फळा सुट्टीत काय करतो. मी तिला शंभर पानी वही आणून दिली. "मग काय झालं?" एवढंच मी विचारायचे. सासरे म्हणायचे, "पोरीला थापा मारायला शिकवती तू." मी हसून सोडून द्यायचे.

थंडीत एकदा ती बांधावरून आली ती डोळे चमकवत. "आई, उसात मांजरीची भाची राहते."

"भाची कशी?"

"मांजर वाघाची मावशी ना? मग वाघ तिचा भाचा. पण ही बाई आहे. म्हणून भाची."

मी तिला जवळ घेऊन पापे घेतले. तिने चित्र काढलं. पिवळं अंग, त्यावर काळी फुलं, प्रत्येक फूल मधे रिकामं. मी विचारलं, "फुलं भरली का नाहीस?" ती म्हणाली, "ती तशीच आहेत." ते चित्र मी फ्रिजवर चिकटवलं.

मग रोज भाचीची बातमी यायला लागली. भाचीच्या घशात करवत चालते. भाचीला टोमॅटो आवडत नाहीत. शेजाऱ्यांचा काळा कुत्रा दिसेनासा झाला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भाचीने नेला." मुलं वाईट गोष्टींचा अर्थ असाच लावतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. मी तिला ते वहीत लिहायला लावलं.

"आता ती काय करते?" मी एकदा पोळ्या लाटताना विचारलं.

"आम्ही स्टॅच्यू खेळतो. मी बघत असले की ती हलत नाही. मी मान फिरवली की पुढे येते."

"अगं बाई! किती पुढे आली?"

तिने ओट्यापासून दारापर्यंत बोट दाखवलं. मी म्हटलं, "उद्या तिला नाव विचारून ये."

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे गुलाबाला पाणी देत होते. त्यांनी मला हाक मारली, पण आवाज दबलेला होता. ओल्या चिखलात माझ्या तळहाताएवढा ठसा होता, बोटं गोल, नखं कुठेच नाहीत. कडेने त्यात अजून पाणी झिरपत होतं.

"पोरगी कुठं हाय?"

ती बांधावर बसली होती, मांडीवर वही, तोंड उसाकडे. वारा नव्हता. तरी दहा-बारा हातांवर उसाची चार पानं हलत होती. मग पानांच्या खाली, जमिनीलगत, मला ते तोंड दिसलं. ते माझ्या मुलीकडे बघत होतं. मी धावणार, तेवढ्यात सासऱ्यांनी माझा दंड धरला. "पळायचं नाय. तिला हळू बोलव."

मी हाक मारली. आवाज माझा वाटला नाही. मुलीने वळून ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं, ती लाजते."

तिने मान फिरवली आणि ते तोंड पुढे आलं.

सासऱ्यांनी घमेल्यावर खुरपं बडवलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडले. ऊस एका रेषेत फाटत गेला. मी पोरीला उचललं तेव्हा ती चिडून रडत होती, तिची पेन्सिल पडली म्हणून.

आठ दिवसांनी वनखात्याच्या पिंजऱ्यात मादी बिबट्या सापडली. सासरे आणि मी बघायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "बाकीचे पिंजऱ्यात डोकं आपटून घेतात. ही गप बसून बघते. हिची माणसाची भीती कशी गेली, कळत नाही." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

रात्रीच्या जेवणाला मुलीने विचारलं, "आई, तुला भाची खोटी वाटत होती?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मग तू छान छान का म्हणायचीस?"

मी तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली. नंतर तिने काहीही सांगितलं की मी पायात चपला घालून तिच्यासोबत बघायला जाऊ लागले. पाण्याच्या टाकीमागे, शाळेच्या गच्चीवर, कुठेही. बहुतेक वेळा तिथे काही नसायचं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहायची. हळूहळू तिचं सांगणं कमी झालं. सातवी-आठवीत गेल्यावर ती शाळेतून येऊन खिडकीशी बसायची, बाहेर एकटक बघत. मी विचारायचे, "काय गं?"

"काही नाही," ती म्हणायची, आणि मान मात्र फिरवायची नाही.